केशाचं क्रास्नोदार

७ सप्टेंबर

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, उजव्या हातानं रोज काहीतरी लिहायचं. वसंतात झटका आला तेव्हापासून हा हात आळशी जावयासारखा वागतो. सांगितलेलं ऐकतो, पण वेळ लावून. मी म्हटलं, बाई, मी चार इयत्ता शिकलेली, काय लिहू? म्हणाली, दिवसभरात जे झालं ते लिहा. आमच्याकडे काय व्हायचंय? पण आज झालं, म्हणून लिहिते.

नात आली. उल्याना, माझ्या मुलाची मुलगी. मॉस्कोत सिनेमा शिकली, केस पोरांसारखे कापले, लग्न नाही. चहा ओतायच्या आतच म्हणाली, "आजी, मला आजोबांचं गॅरेज पाहिजे."

"गाडी घेतलीस?"

"नाही गं. सिनेमा करायचाय. माझा पहिला मोठा सिनेमा."

"कशावर?"

"तीन मित्र असतात. गॅरेजमध्ये बसतात आणि बोलतात."

"आणि?"

"आणि बोलतात."

"कुणी मरतं?"

"नाही आजी, विनोदी आहे."

"मग कुणी कुणाची बायको पळवतं?"

"नाही. नुसते बोलतात."

मी म्हटलं, ह्याला लोक तिकीट काढून येणार? मी हे जन्मभर फुकट ऐकलं आणि दर वेळी मधलं दार लावून घेतलं. ती हसली. हसताना अगदी ग्लेब. ग्लेब म्हणजे माझा नवरा. जाऊन दीड वर्ष झालं.

अंगणापलीकडे पत्र्याच्या गॅरेजांची रांग आहे, त्यात आमचं एक. गाडी केव्हाच विकली. आता तिथं एक फाटका सोफा, ग्लेबचं कामाचं टेबल, फरशीखालच्या तळघरात माझे बटाटे आणि दर शनिवारी केशा नि राफाइल. हे ग्लेबचे दोस्त. केशा, पूर्ण नाव इन्नोकेन्ती साव्विच, ट्रॉलीबस चालवायचा. आमच्याच इमारतीत राहतो. मी अगदी खाली, तो थेट वर, पाचव्या मजल्यावर. राफाइल तातार आहे, दातांच्या कवळ्या करायचा, पलीकडच्या गल्लीत राहतो. आधी तिघं बसायचे, आता दोघं बसतात. आवाज तेवढाच येतो.

गॅरेज दिलं. भाडं नको म्हटलं. तुझ्या सिनेमावाल्यांनी येऊन माझ्या जमिनीच्या तुकड्यातले बटाटे खणून द्यायचे, एवढंच.

१० सप्टेंबर

गॅरेज रिकामं केलं. केशा नि राफाइल दारात उभे. स्वतःच्याच घरातून हाकलल्यासारखी तोंडं करून.

"तीन-चार आठवडेच," उल्याना म्हणाली.

राफाइल म्हणाला, "तीन-चार आठवडे शनिवारी आम्ही जायचं कुठं, पोरी? दवाखान्यात?"

त्याला मी म्हटलं, "घरी बसावं माणसानं. घर म्हणून एक गोष्ट असते."

केशा काहीच बोलला नाही. त्याचं कारण मला ठाऊक आहे. त्याच्या मुलीनं, मारियान्नानं, काल मला फोन केला होता. ऑगस्टात केशा जिन्यात घसरला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. ढोपर सुजलं, दोन आठवडे घरात पडून होता, आणि त्या गाढवानं मुलीला सांगितलं की सर्दी झालीय. खरं कळलं तशी ती ठरवून बसली. ऑक्टोबरात येणार, बापाला आपल्याकडे क्रास्नोदारला, पार दक्षिणेत घेऊन जाणार. कायमचा. तिकडे ऊन, तिकडे द्राक्षं, तिकडे लिफ्ट.

म्हणाली, "ताया मावशी, तुम्ही जरा समजवा त्यांना."

"समजवते," म्हटलं. पोरीचं काय चुकलं? शहाणी पोर आहे.

राफाइलला हे कळलंय. केशानं सांगितलं म्हणे. काय सांगितलं विचारलं तर राफाइल म्हणाला, "म्हणाला, तिकडे टरबुजं स्वस्त आहेत."

बास. एवढंच बोलले. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि टरबुजं.

११ सप्टेंबर

पाऊस. कोबी आणली. काही नाही.

१४ सप्टेंबर

शनिवार. सकाळी अकराला दारावर टकटक. दोघंही. राफाइलच्या हातात खारवलेल्या काकड्यांची बरणी, केशाच्या हातात पाव.

"काय आहे?"

"काही नाही, माक्सिमोवना. जात होतो." हे दोघं मला बापाच्या नावानंच हाक मारतात.

"कुठं?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना जायला कुठंच नव्हतं. आत घेतलं, उंबऱ्यावर किती वेळ उभं ठेवणार. स्वयंपाकघरात बसले ते अंधार पडेस्तोवर. मी कोबी चिरत होते, त्यामुळे ऐकावं लागलं. विषय एकच. आगगाडीत उकडलेलं अंडं कसं खावं.

राफाइल म्हणाला, "अंडं घरूनच सोलून न्यायचं."

"सोललेलं अंडं प्रवासात चिकट होतं," केशा म्हणाला.

"मग सालं कुठं टाकशील? डब्यात शेजारी बाई असेल, स्वच्छ पोशाखातली."

"कागदात."

"कागद कुठला? हल्ली वर्तमानपत्र कोण घेतं?"

"तू घेतोस."

"मी घेतो. पण मी काय तुझ्याबरोबर गाडीत असणार आहे?"

केशानं टेबलावरचा पावाचा चुरा गोळा केला. मग केशा म्हणाला, "कोंबडी न्यावी त्यापेक्षा." मग कोंबडीवर सुरू. मी म्हटलं, अरे, तुमच्या वयाची माणसं मृत्युपत्रं करतात, आणि तुम्ही अंडी सोलताय! केशा म्हणाला, "मृत्युपत्राला एक कागद पुरतो, माक्सिमोवना. अंड्याला विचार लागतो."

सूप केलं होतं, ते वाढलं. नाहीतर उद्या आंबलं असतं.

१८ सप्टेंबर

शूटिंग बघायला गेले. तीन नट आहेत. एक दाढीवाला, एक टकल्या, एक लांबोडका. सिनेमात हा लांबोडका झेन्या, आणि शेवटी तो गाव सोडून मॉस्कोला जातो. उल्याना म्हणाली, आजोबा आणि त्यांच्या दोस्तांवरूनच सुचलं हे. मी म्हटलं, त्यांच्यातलं तर कुणी कुठं गेलं नाही. ग्लेब गेला, पण तो मॉस्कोला नाही.

दाढीवाला नि टकल्या सोफ्यावर बसून बोलत होते. पोरं बरी बोलतात. सकाळपासून तेच तेच बोलायचे आणि दर वेळी पहिल्यांदाच बोलल्यासारखं. हे आमच्या दोघांनाही जमतं, पण त्यांना कुणी पगार देत नाही.

मी उल्यानाला एक सुचवलं. मधेच एखाद्याची बायको आत येऊन दोघांच्या पाठीत ओला टॉवेल घालते, असं दाखव. लोक पोट धरून हसतील.

"आजी, ह्यात बायका नाहीत."

"बायका नाहीत तर ह्यांना जेवायला कोण घालतं?"

तिनं थोडा विचार केला. "पिशवीतून आणतात."

"पिशवीत कोण भरतं?"

कॅमेरावाला हसायला लागला. उल्यानानं ते काही घातलं नाही. तिचा सिनेमा, तिची मर्जी. हट्टीपणा आमच्याकडूनच गेलाय.

२१ सप्टेंबर

सिनेमावाल्यांनी बटाटे काढले. लांबोडका कुदळ घेऊन निघाला आणि दर दुसरा बटाटा कापला. त्याला मी टोपल्या उचलायला लावलं. दाढीवाला खेड्यातला निघाला, त्याला जमीन कळते. टकल्या गाणी म्हणत होता. उल्यानाचे गुडघे चिखलानं माखले, मला फार बरं वाटलं.

केशा नि राफाइल येऊन बांधावर बसले आणि सगळ्यांना सल्ले दिले. ढोपर दुखतंय म्हणून केशाला वाकू दिलं नाही, आणि एकटा केशा बसलाय म्हणून राफाइलही वाकला नाही. संध्याकाळी शेकोटीत बटाटे भाजले. उल्यानानं दोघांना विचारलं, शेवटच्या प्रसंगात टेबलाशी बसाल का? झेन्याचा निरोप आहे, शेजारीपाजारी म्हणून.

केशा म्हणाला, "बोलायचं काय?"

"काही नाही. बसायचं, आणि पेला उचलायचा."

राफाइल म्हणाला, "ह्याचा आमचा सराव आहे."

२५ सप्टेंबर

घर गार झालंय, नगरपालिकेनं हीटरचं गरम पाणी अजून सोडलं नाही. वर लोकरी जाकीट घालून लिहितेय, बोटं तशीच आखडलेली.

मारियान्नाचा फोन. पाच तारखेला येते म्हणाली. तिकिटं काढली. विचारलं, बाबा काय म्हणतात? मी सांगितलं, तुझे बाबा कोंबडीबद्दल म्हणतात. ती रडायला लागली. म्हणाली, "मावशी, मी उशाशी फोन घेऊन झोपते. जिन्यात पडले आणि कुणाला कळलंच नाही तर?"

मी म्हटलं, "घेऊन जा. बरंच होईल. रोज ऐकते मी त्याला चढताना. दर मजल्यावर थांबतो, आणि कुणी विचारलं तर खिडकीतून बाहेर बघत होतो म्हणतो."

हे मी मनापासून सांगितलं. म्हातारपणी माणसानं मुलांजवळ असावं. मी उल्यानाच्या बापाजवळ राहायला का जात नाही ते वेगळं, त्याची बायको मीठच घालत नाही.

नंतर बटाटे सोलायला बसले. सालं इतकी जाड निघाली की डुकराला घालावीत. हाताचं काही खरं नाही.

२८ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट लिहिते.

शेवटचा प्रसंग होता. गॅरेजमध्ये लांब टेबल मांडलं. माझे बटाटे, राफाइलच्या काकड्या, बाटलीत पाणी. सिनेमात झेन्या स्टेशनला गेलाय आणि मागं राहिलेले त्याच्या नावानं एकेक पेला घेतात. केशानं टाय बांधला होता. राफाइलनं त्याच्याकडे बघितलं, घरी गेला आणि तोही टाय बांधून आला. मी दाराशी स्टुलावर बसले, तोंड मिटून. उल्यानानं तशी अटच घातली होती.

सगळे शांत झाले. दाढीवाल्यानं पेला उचलला आणि म्हणाला, "चला, झेन्यासाठी."

आणि केशा उठून उभा राहिला. शेजारी राफाइल. दोघंही गप्प, खाली मान. त्यांना बघून टकल्या उभा राहिला, मग दाढीवालाही. चौघांनी पेले उचलले, कुणी कुणाच्या पेल्याला पेला लावला नाही, तसेच प्यायले आणि बसले. मी नाक पुसलं, धूळ फार आहे तिथं.

आणि दारात सँडविच खात उभा असलेला तो लांबोडका ओरडला, "अरे थांबा! मी जिवंत आहे!"

मग जे हसले सगळे! कॅमेरावाला भिंतीला टेकला. उल्याना डोळे पुसत म्हणाली, "केशा आजोबा, हे काय केलंत? पेले वाजवायचे! न वाजवता पितात ते मेलेल्यासाठी. झेन्या मेला नाही, मॉस्कोला गेलाय फक्त!"

केशा पार लाल झाला. "सवय झाली पोरी. ह्या टेबलाशी दीड वर्ष आम्ही ग्लेबसाठीच पितो. हात पेला वाजवायचं विसरला."

टकल्या म्हणाला, "आणि आम्ही कशाला उभे राहिलो?" दाढीवाला म्हणाला, "म्हातारी माणसं उठल्यावर कुणी बसून राहतं का?"

ह्या सगळ्यात राफाइल हसला नव्हता. तो पेल्याच्या तळाशी बघत म्हणाला, "मॉस्कोला गेला काय, क्रास्नोदारला गेला काय. शनिवारी तो नसणार, तर पेला वाजवायचा कुणाच्या पेल्याला?"

पोरांना वाटलं विनोदच केला. आणखी हसले. केशानं पेला खाली ठेवला.

"मला जिवंतपणी पुरतोस होय रे?"

"मी नाही पुरत. तू तिकीट काढलंस."

"मी नाही काढलं, मुलीनं काढलं!"

"त्यावर नाव तर तुझंच ना?"

केशा टोपी घेऊन निघून गेला. आता कुणी हसत नव्हतं. मी मागोमाग घरी आले, जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज माझ्या दारातून ऐकला. कुठंही थांबला नाही, सलग वर. रागाच्या भरात माणूस ढोपर विसरतो.

उल्याना विचारत होती, आजी, मी काय चुकीचं केलं? मी म्हटलं, काही नाही. ज्या गोष्टीवर हे दोघं दोन आठवडे अंडी सोलत होते, ती एकानं बोलून टाकली. आता शिल्लक काय राहणार त्यांच्याजवळ बोलायला?

३० सप्टेंबर

राफाइल आला, एकटा. चाक-चाक घेऊन, त्यांच्यातली ती मधात घोळलेली मिठाई. बायकोनं केली म्हणे. बसला. टोपी गुडघ्यावर, जणू सरकारी कचेरीत आलाय.

"माक्सिमोवना, केशाला सांग ना."

"काय सांगू?"

"की मी तसं म्हटलं नव्हतं."

"म्हटलं होतंस. मी दाराशीच होते."

"म्हटलं होतं. पण तसं नव्हतं म्हटलं."

"मग कसं म्हटलंस?"

बराच वेळ त्यानं टोपी फिरवली. मग म्हणाला, "त्याच्या मुलीचं बरोबर आहे. पाच मजले. मी त्याला काय म्हणू, माझ्यासाठी जिन्यात पड?"

मी म्हटलं, मी काय पोस्टमन आहे का? स्वतः जा वर. तर म्हणतो, दार उघडणार नाही. दोघंही सत्तरी ओलांडलेले, आणि बालवाडीतल्यासारखे रुसलेत. चाक-चाक मात्र चांगलं होतं. अर्धं केशासाठी झाकून ठेवलं.

२ ऑक्टोबर

वर गेले. पाचव्या मजल्यावर मी कितीतरी वर्षांत गेले नव्हते, कामच पडत नाही. चाक-चाक घेऊन गेले, टाकून देण्यापेक्षा.

एक गोष्ट लक्षात आली, ती इथं लिहून ठेवते, डॉक्टरीणबाईंना दाखवायला. मला धाप लागली नाही. हात आळशी आहे, पाय अजून घोड्याचे आहेत.

केशाचं दार उघडंच. बॅग भरलेली, तो शेजारी बसलेला. जणू गाडी घरातूनच सुटणार आहे.

"राफाइलनं पाठवलं?"

"मला कुणी पाठवत नाही. खा." तो खायला लागला. मी विचारलं, "केशा, तुला जायचंय का?"

तो टरबुजांवरून सुरू झाला. मी म्हटलं, टरबुजं बाजूला ठेव, सरळ बोल, मी राफाइल नाही. तेव्हा त्यानं बोटं पुसली आणि म्हणाला, "मारियान्ना चुकत नाही. खाली उतरलो की वाटतं, आता वर कसा जाऊ. वर आलो की वाटतं, खाली जायचंच कशाला. करत करत उतरायला आठवड्यातला एक शनिवार उरलाय. तिकडे लिफ्ट आहे, माक्सिमोवना. बटण दाबलं की खाली. पण खाली उतरून जायचं कुणाकडे?"

मी खिडकीशी गेले. आणि बघते तर काय, नदी! अख्खी कामा नदी पसरलेली, पलीकडचा जंगलाचा काठ पिवळाजर्द, मधे एक जहाज. माझ्या खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात आणि शेजाऱ्याची मांजर.

"हे तू रोज बघतोस?"

"बघतो."

"आणि एकदाही सांगितलं नाहीस?"

"सवय झाली," म्हणाला. ह्याला सगळ्याचीच सवय होते.

मी म्हटलं, तुझ्या काचा घाण आहेत. आणि खाली आले. काल उल्यानाच्या माणसांनी तो सोफा कसा फुलासारखा उचलून गॅरेजबाहेर ठेवला होता, ते सारखं डोळ्यांसमोर येत होतं. चौघं दांडगे. अजून आठवडाभर इथं आहेत, आणि माझे जेवढे बटाटे त्यांनी खाल्ले, त्या मानानं त्यांच्याकडून मला अजून बरंच काम येणं आहे.

५ ऑक्टोबर

मारियान्ना आली. दमलेली, डोळ्यांखाली काळं. आधी माझ्याकडेच आली. केशालाही खाली बोलावलं, आणि राफाइलला निरोप धाडला की काकडीची बरणी तुझी आहे, येऊन घेऊन जा. ते दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले, मधे समोवर. एकमेकांकडे बघेनात.

मी चहा ओतला आणि म्हटलं, "ऐका. मला पाचव्या मजल्यावर राहायला जायचंय."

मारियान्नाचा चमचा कपातच थांबला.

"नदी दिसते तिथून. आयुष्यभर कचऱ्याचे डबे बघितले, आता कंटाळा आला. केशा, तू इथं खाली ये, मी तुझ्या घरी जाते. कागदपत्रं राहू देत तशीच, नंतर पोरं बघतील."

मारियान्ना म्हणाली, "ताया मावशी, तुम्हाला झटका येऊन गेलाय!"

"हाताला आला. मी काय हातावर चालते?"

"पण ह्या वयात, रोज पाच मजले..."

"बुधवारी गेले होते. विचार तुझ्या बापाला, मला धाप लागली का. बोलत होते मी तिथं."

केशा म्हणाला, "बोलत होती. थांबली नाही."

राफाइलनं पहिल्यांदा मान वर केली. मला म्हणाला, "तुझा ओव्हन? तुझा बाल्कनीतला सगळा पसारा..."

"ओव्हन वरही आहे. तू गप्प बस, तू बरणी न्यायला आलायस."

मारियान्ना बापाकडे वळली. "बाबा, तुम्ही बोला. इथं राहायचंय तुम्हाला? खरं सांगा. मी रागावणार नाही."

मला वाटलं, हा आता द्राक्षांवर बोलणार. पण केशानं कप खाली ठेवला आणि सरळ बोलला. एवढं सरळ बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"मारियान्नुश्का, तुझ्याकडे मी उन्हाळ्यात येईन. टरबुजं पिकली की. महिनाभर राहीन, तुला कंटाळा येईस्तोवर. पण माझं बोलणं इथं अर्धवट पडलंय."

"कसलं बोलणं?"

"राफाइल म्हणतो, अंडं घरून सोलून न्यायचं. अजून मिटलेलं नाही ते."

पोरगी हसली, मग रडली, मग माझ्या गळ्यात पडली. मला असलं आवडत नाही. चहा गार होत होता. मी तिला म्हटलं, आठवड्याला मी स्वतः फोन करीन. तुझा बाप पडला तर पडला म्हणून सांगेन, सर्दी म्हणून नाही.

राफाइल बरणी न घेताच गेला. म्हणजे पुन्हा येणार.

९ ऑक्टोबर

सामान हलवलं. दाढीवाल्यानं माझं कपाट एकट्यानं पाठीवर घेतलं. लांबोडक्यानं आरसा नेला आणि फोडला नाही, हे विशेष. केशाच्या काचा मी आधीच घासून घेतल्या होत्या.

उल्यानाचं काम संपलं, आज संध्याकाळी निघाली. सांगत होती, शनिवारचा तो प्रसंग तिनं तसाच ठेवला. चौघं न वाजवता पितात, आणि झेन्या दारातून ओरडतो, थांबा, मी जिवंत आहे! गाडी चुकलेली असते म्हणे त्याची. तिथंच सिनेमा संपतो.

मी विचारलं, "मग पुढं तो मॉस्कोला जातो का?"

"ते लोकांनी ठरवायचं."

"हे बरंय. पैसे लोकांनी द्यायचे, आणि ठरवायचंही लोकांनीच."

निघायच्या आधी रिवाजाप्रमाणे दोघी बॅगांवर क्षणभर गप्प बसलो. मग ती म्हणाली, "आजी, तू हे केशा आजोबांसाठी केलंस ना?" मी सांगितलं, नदीसाठी केलं. ती माझ्याकडे बघत राहिली. आजकालच्या पोरांना साधं उत्तर दिलं तर पटत नाही.

१२ ऑक्टोबर

शनिवार. हीटर सुटले, घर उबदार आहे. सकाळपासून नदी बघितली. छान आहे. दुपारपर्यंत सगळी बघून झाली.

इथं खालचं काही ऐकू येत नाही. पूर्वी भिंतीपलीकडे कुणी शिंकलं तरी कळायचं, आता नुसता वारा. कोबीचं सारण भरून पिरोग भाजला. एकटीला एवढा मोठा कशाला केला कोण जाणे, हाताला व्यायाम म्हणून असेल. पीठ मळलं मात्र उजव्या हातानं, आणि त्यानं कुरकुर केली नाही.

तीनच्या सुमाराला जिन्यात आवाज. आधी वाटलं कुणी सामान आणतंय. धपधप, मग थांबणं, मग बोलणं, मग पुन्हा धपधप. दार उघडून कठड्यावरून वाकून बघितलं तर तिसऱ्या मजल्यावर केशा आणि राफाइल. केशाचा एक हात कठड्यावर, दुसरा राफाइलच्या खांद्यावर.

मी वरून ओरडले, "अरे मूर्खा! तुला चढावं लागू नये म्हणून मी माझं घर दिलं, आणि तू चढून येतोस?"

"हळूहळू येतोय," खालून केशा.

"मी धरलंय," राफाइल.

"तुला कोण धरणार? दोघं मिळून पडाल, आणि मला मारियान्नाला फोन करावा लागेल!"

तोवर ते चौथ्यावर पोचले होते. उरलेला जिना मीच खाली उतरून केशाची दुसरी बाजू धरली. आत आणलं, खुर्चीत बसवलं. धाप लागली होती, तोंड मात्र खुशीत.

"काय झालं? काय एवढं अडलं होतं?"

केशा म्हणाला, "खाली बसलो होतो आम्ही. राफाइल म्हणाला, काकड्या खारवताना शेपू आधी घालायचा, पाण्याच्या आधी. मी म्हटलं, मागून. तो म्हणाला आधी, मी म्हटलं मागून. मग दोघंही गप्प बसलो."

"मग?"

"मग काही नाही. मूर्ख म्हणायला कुणी नव्हतं."

पिरोग कापला. अर्ध्याच्या वर गेला. राफाइलनं खिडकीतून नदी बघितली आणि म्हणाला, मोठी आहे. मग पुन्हा टेबलाशी येऊन बसला. मी दोघांना ठणकावून सांगितलं, पुन्हा कुणी चढायचं नाही. शनिवारी मी येईन खाली, माझे पाय चांगले आहेत, आणि माझं स्वयंपाकघर तुम्ही काय करून ठेवलंय तेही बघायचंच आहे.

अंधार पडायच्या आत उतरवलं. पुढं राफाइल, मधे केशा, मागून मी त्याच्या कोटाचा पट्टा धरून. चढायला लागला त्याहून उतरायला जास्त वेळ लागला, कारण दर मजल्यावर दोघं थांबून भांडत होते. दुसऱ्या मजल्यावर मीही भांडले. शेपू मागूनच घालायचा असतो.